भिंत म्हणते सत्तर

एली, मिनेसोटा
२ डिसेंबर २०१८

सायमा,

अक्षर ओळखलं असशील. चोवीस वर्षांत मी तुला साधं कार्ड टाकलं नाही. रेइनो गेला तेव्हासुद्धा माझा नवरा गेला हे तुला चर्चमधल्या कुणा बाईने कळवलं म्हणे. मग आत्ताच हिला बहीण कशी आठवली, असं वाटेल तुला. प्रेमाने आठवली नाहीस, हे आधीच सांगते. मला एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. ती शेवटी विचारते, आधी काय झालं ते ऐक.

माझा रॉडनी मिनियापोलिसला असतो. तू पाहिलास तेव्हा कॉलेजात होता, आता टक्कल पडलंय. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो आणि त्याची बायको डेनीस आले होते. मी चर्चच्या स्वयंपाकघरात भोपळ्याचे केक भाजायला गेले आणि परत येऊन बघते तर बोळातल्या भिंतीवरचा आपला गोल थर्मोस्टॅट गायब. लग्नानंतर हे घर घेतलं तेव्हापासूनचा, पितळी रंगाचा, आत काचेच्या नळीत पारा. त्याच्या जागी एक काळी चौकोनी काच, आणि ती माझ्याकडे बघून उजळली. मी कोट घालून तशीच उभी राहिले. चोर येऊन गेला असता तर इतका धक्का बसला नसता.

"आई, हा शिकतो," रॉडनी म्हणाला. "तुझ्या सवयी बघतो आणि आपोआप ऊब कमीजास्त करतो."

मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या सवयी शिकून तो पुढे काय करणार आहे?"

"आणि मला फोनवर सगळं दिसतं. तुझ्या घरात किती ऊब आहे ते तिथे बसल्या बसल्या कळतं."

आता सांग, माझ्या भिंतीवर काय दाखवतंय हे माझ्याआधी मिनियापोलिसला कळणार. याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. जुन्याला मी दोन बोटांनी फिरवायची, टिक वाजायचं, खाली तळघरात घर तापवणारी भट्टी धप्पकन पेटायची. मधे कुणी नव्हतं.

ते दोघं गेले आणि दोनच दिवसांत मला थंडी वाजायला लागली. अशीतशी नाही, कॉफीचा कप हातातून सोडवेना अशी. काच म्हणते सत्तर फॅरनहाइट, म्हणजे नुसत्या सदऱ्यावर बसावं अशी ऊब. खिडकीजवळ रेइनोचं थर्मामीटर आहे, मासेमारीच्या गळांच्या दुकानात फुकट मिळालेलं, वर माशाचं चित्र. ते म्हणतं अठ्ठावन्न. मी रॉडनीला फोन केला. तो म्हणाला, "आई, गळ विकणाऱ्याने फुकट दिलेल्या माशावर विश्वास ठेवतेस, की यावर?"

मी म्हटलं, बरं. आपल्या फिनिश माणसांत दुसरं काय म्हणतात. आग लागली तरी आपण 'अगदीच वाईट नाही' म्हणणारी माणसं.

तर माझा प्रश्न. चौऱ्याण्णव साली फ्लोरिडाहून येऊन तू आईला वृद्धाश्रमात टाकलंस. मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना सूप वाढत होते आणि तू तिला माझ्या घरातून गाडीत घालून घेऊन गेलीस. त्याआधी डॉक्टरला तू नेमकं काय सांगितलंस? काय सांगितलं की धडधाकट बाई वेडी ठरते? कारण आईशी बोलताना तुझा जो आवाज व्हायचा, हळू, गोड, शेवटी 'हं?' लावलेला, तोच आवाज आता रॉडनीचा व्हायला लागलाय.

लेम्पी


एली
१६ डिसेंबर

सायमा,

तुझं कार्ड आलं. पुढे नारळाचं झाड, मागे चार ओळी. मी वाटेवर टपालपेटीपाशीच, बर्फात उभी राहून वाचलं. तू लिहितेस: "मी खोटं काही सांगितलं नाही. आई रोज भर दुपारी एकटी सौना तापवायची. घरात थंडी आहे म्हणायची आणि घर उबदार असायचं. एवढंच सांगितलं."

ते मी तीनदा वाचलं. कारण सायमा, मीही सध्या रोज सौना तापवते.

दुसरं काय करू? घरात बसवत नाही. तळघरातल्या त्या लाकडी खोलीत चूल पेटवायची, दगड तापले की लोटाभर पाणी टाकायचं, वाफेत बसायचं. तेवढा वेळ मी माणसात येते. मग वर येते तर घर आणखीनच गार, श्वास दिसतो. आणि काच? काच शहात्तर दाखवते. मी जाऊन त्या काचेवर बोट आपटलं. शहात्तरच.

लगेच फोन वाजला. "आई, शहात्तर कुणी केलं?"

"मी हात लावला नाही."

"मग आपोआप वाढलं, हं?"

"तुझी शिकणारी काच आहे, तिलाच विचार."

तो हसला नाही. त्याने तिकडून कुलूप घातलं, सायमा. फोनवरून. आता मी काचेला हात लावला की ती चार आकडे मागते, आणि ते आकडे त्याच्याकडे. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, मला. वर ऊब कमी करून अडुसष्टवर ठेवली, म्हणे म्हातारपणी जास्त गरम बरं नाही.

आईचं आठवतंय. मी आणि रेइनो दोघं कामावर, पाचला घरी यायचो तेव्हा घर छान उबदार, आणि आई स्वयंपाकघरात कोट घालून, लोकरी टोपी कानांवर ओढून बसलेली. "आत्ता बरं आहे," म्हणायची. "दुपारी बघायला हवं होतं तुम्ही." रेइनोने ती सौना बांधलीच होती तिच्यासाठी, ती आमच्याकडे राहायला आली त्या उन्हाळ्यात. स्वतःच्या हाताने तळघरापासून छतापर्यंत धुराडं नेलं. आणि तीच सौना तिच्या वेडाचा पुरावा झाली.

ख्रिसमसला रॉडनी येणार नाही, डेनीसच्या माहेरी जाणार आहेत. नवीन वर्षात येऊन मला डॉक्टरकडे नेणार आहे. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, "सहज, हं?"

लेम्पी


एली
६ जानेवारी २०१९

सायमा,

मी खोटी पडले.

रॉडनी आणि डेनीस डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी आले. मी सकाळपासून वेलदोड्याचा पाव आणि वाइल्ड राइसचं सूप करत होते, सौनाला सवडच नव्हती. मनात म्हटलं, येऊ दे, उभा राहू दे बोळात, कळेल आईचे दात का वाजतात ते. ती दोघं आली, कोट काढले. डेनीस म्हणाली, "किती छान वाटतंय इथे." रॉडनीने नुसतं माझ्याकडे बघितलं.

घर उबदार होतं. खरंच होतं. मी त्याला माशाचं थर्मामीटर दाखवायला गेले तर तेही काचेशी जुळलेलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ना, तसं झालं. मी म्हटलं, "काल अठ्ठावन्न होतं." माझं मलाच ते ऐकवेना.

डॉक्टर मुलगी आहे, रॉडनीपेक्षाही लहान. तिने मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, प्राण्यांची नावं सांगायला लावली. मी मूस हरणापासून सुरुवात केली आणि ती दमेपर्यंत सांगत राहिले. मग तिने विचारलं, "घरी काही त्रास?" मी काही बोलायच्या आत रॉडनी म्हणाला, "घर गरम असताना तिला गार वाटतं. थर्मोस्टॅट खोटं बोलतो म्हणते. आणि रोज एकटी सौना पेटवते, काही झालं तर खाली कुणी नाही." तिने मान हलवली आणि लिहून घेतलं. सायमा, शब्द न् शब्द तोच. चोवीस वर्षांनी तीच वाक्यं माझ्या पोराच्या तोंडून.

परत येताना रॉडनीने सांगितलं. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात एक खोली आहे, फेब्रुवारीच्या मध्यात रिकामी होतेय. घर वसंतात विकायचं. सगळं ठरवून आला होता. मी विचारलं, "मी नाही म्हटलं तर?" तो म्हणाला, "आई, डॉक्टरने लिहून दिलंय." आवाज इतका मऊ की मी कानाखाली वाजवली असती.

पोरगा वाईट नाही. तेच तर आहे. तो घाबरलाय. तूही घाबरली होतीस का तेव्हा?

तुला शिव्या द्यायला मी पहिलं पत्र लिहिलं होतं. आज दुसरंच विचारते आणि मला खरं सांग. तू आईला जवळून पाहिलंस. हे असंच सुरू होतं का? माणसाला वाटत राहतं आपण शाबूत आहोत, आणि घर, थर्मामीटर, सून सगळे सांगतात की नाही? मला माझ्याच अंगावर भरवसा राहिला नाही. काल सौनातून वर आले, पुन्हा गारठा. मी मुद्दाम काचेकडे बघितलंच नाही.

लेम्पी


एली
१ फेब्रुवारी

सायमा,

बसून वाच.

तू बातम्यांत पाहिलं असशील इथे काय थंडी पडली ते. उणे चाळीसच्या खाली. झाडं फुटल्यासारखी तडतडत होती. शेजारचा वर्नर मला बर्चची लाकडं आणून देतो, त्याचा ट्रकच सुरू होईना. म्हणजे सौना बंद. मी म्हटलं, चला, वृद्धाश्रमाची वाट बघायलाही उरत नाही आपण. अंगावर सगळ्या गोधड्या घेऊन बसले.

आणि घर तापलं. उभ्या हिवाळ्यात झालं नव्हतं तसं. भट्टी खाली घुरघुरत राहिली, मी एकेक गोधडी काढत गेले. बाहेर जग गोठलंय आणि मी बाह्या वर करून भांडी घासतेय. तेव्हा मला पक्कं वाटलं की लेम्पी, गेलीस तू. आता थंडीत गरम आणि उबेत गार वाटायला लागलं, खेळ आटपला. मी सिंकपाशी उभी राहून रडले.

काल वर्नर लाकडं टाकून गेला. मला गरज नव्हती, पण रडून अंग आंबलं होतं, म्हणून सौना पेटवली. वर टॉवेल आणायला आले. बोळातून जाताना काच उजळली: सदुसष्ट. टॉवेल घेऊन परत येते तर अडुसष्ट. मी थांबले. माझ्या डोळ्यांदेखत एकोणसत्तर झाले आणि खाली भट्टी बंद पडली. उणे तीस बाहेर, आणि भट्टी गप्प.

मी भिंतीवर हात ठेवला. भिंत गरम होती. रेइनोचं धुराडं त्याच भिंतीच्या पोटातून वर जातं. मग मी टॉवेलमधून एक धागा ओढून काचेच्या कडेला धरला तर तो फडफडला. तारांसाठी भिंतीत भोक आहे, आणि त्या भोकातून धुराड्याची ऊब थेट काचेच्या पाठीत शिरते. ती बिचारी काच खोटं बोलत नव्हती. तिला तिच्यापुरतं गरमच होतं. तिला गरम, म्हणून भट्टी बंद, म्हणून मला थंडी, म्हणून मी पुन्हा सौना. पहिल्यांदा सुरुवात नेहमीच्या शनिवारच्या सौनानेच झाली असणार. सौना विझली की घर उबदार. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला कधीच कळत नव्हतं.

मी शाबूत आहे, सायमा. मी जिन्यावर बसून मोठ्याने हसले. मग माझ्या लक्षात आलं की आईही शाबूत होती. त्यानंतर मला हसता आलं नाही.

रॉडनीला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, कोट घालून ये, आणि माझ्याशी वाद घालू नकोस. आला तर पुढचं लिहिते. आई तेव्हा हेच सांगत होती आणि हे सिद्ध करायला तिच्याकडे काही म्हणता काही नव्हतं.

लेम्पी


एली
१० फेब्रुवारी

सायमा,

रॉडनी आठवडाभर टाळत राहिला, आज आला. मी सौना पेटवली आणि त्याला बोळात स्टुलावर बसवलं. "फोनकडे नाही, भिंतीकडे बघ," म्हटलं. तो बसला, मला सांभाळून घेतल्यासारखा चेहरा करून. काच चढत गेली तसा तो चेहरा उतरत गेला. भट्टी बंद झाली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. तो तसाच बसला, त्याच्या तोंडातून वाफ यायला लागेपर्यंत. मग त्याने माशाचं थर्मामीटर बघितलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"मी रोज बघत होतो आई," तो म्हणाला. "दिवसातून चारदा बघत होतो तुझं घर."

"घर नव्हतास बघत," मी म्हटलं.

त्याने तिथूनच वृद्धाश्रमाला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. कुलूप काढलं. माझं झालं, सायमा. घर माझं, डोकं माझं. इथे हे पत्र संपायला हवं होतं.

तो काच काढून त्या भोकात कापूस भरायला लागला आणि सहज म्हणाला, "पूर्वी यात बाबांचा मोजा होता. जुना थर्मोस्टॅट काढला तेव्हा भोकात गच्च कोंबलेला निघाला. मला वाटलं उगाच काहीतरी, फेकून द्यायला गाडीच्या डिकीत टाकला." मी म्हटलं, आण बघू.

करडी लोकर, लाल टाच. मी विणलेला. तुला आठवतं, मला टाच वळवायला कधी जमायची नाही, भोकं पडायची? ही टाच नीट होती. ही टाच मला आईने शिकवली, वृद्धाश्रमातल्या भेटीच्या खोलीत, तिचे हात माझ्या हातांवर ठेवून. वेडी बाई शिकवत होती आणि शहाणीला जमत नव्हतं. त्या ख्रिसमसला मी रेइनोला तो जोड दिला. नवीन वर्ष उजाडायच्या आत एक मोजा हरवला म्हणाला. मी त्याला आठवडाभर बोल लावले, इतक्या मेहनतीचा मोजा कुठे घालवलास म्हणून. तो ऐकत राहिला.

म्हणजे त्याला कळलं होतं. आई वृद्धाश्रमात जाऊन दोन-तीन महिने झाले नसतील. त्याने भिंतीवर हात ठेवला असेल, जसा मी ठेवला. भोक बुजवलं आणि गप्प बसला. आई त्यानंतर सव्वा वर्ष जगली, सायमा. सव्वा वर्ष तो दर रविवारी एकटा तिच्याकडे जायचा, शेजारी बसायचा, एक शब्द न बोलता परत यायचा. गावात सगळे म्हणायचे, जावई असावा तर असा. मीही म्हणायची.

का नाही बोलला? सौना त्याने बांधली होती, धुराडं त्याने नेलं होतं. बोलला असता तर तुला आणि मला दोघींना सांगावं लागलं असतं, की तुमची आई शहाणी आहे आणि माझ्या चुकीने तिथे बसलीय. आपल्या माणसांना मरण सोपं वाटतं, असलं बोलणं नाही. पण मी त्याच्या शेजारी आणखी बावीस वर्षं झोपले. त्याचा फोटो मी आज कपाटावरून काढला आणि कुठे ठेवू ते कळेना. हातात घेऊन घरभर फिरले. मला त्याचा इतका राग येतोय आणि तो समोर असता तर मी त्याला जवळच घेतलं असतं, हेही कळतंय.

तू डॉक्टरला खोटं सांगितलं नाहीस. घर उबदारच होतं तू बघितलंस तेव्हा. हे तुला माझ्याकडून लेखी असू दे.

एकच विचारायचं आहे, ते इतकी वर्षं मी विचारलं नाही, कारण ऐकायची भीती होती. त्या दिवशी गाडीत आई काय बोलली?

लेम्पी


लेक वर्थ, फ्लोरिडा
१७ फेब्रुवारी

लेम्पी,

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. अंगावरचा काटा जाईना. शेजारीण विचारायला आली, बरं नाही का. मी म्हटलं, अगदीच वाईट नाही.

आई रडली नाही. तुला वाटत असेल मी तिला ओढत नेली, तर तसं नव्हतं. मला इथल्या हवेची सवय, म्हणून गाडीतला हीटर मी पूर्ण लावला होता. गाव सोडून थोडं पुढे गेलो तेव्हा तिने टोपी काढली. मग कोटाची बटणं सोडली, कोट काढून मांडीवर घडी घालून ठेवला. तिला कोटाशिवाय मी त्या भेटीत पहिल्यांदाच बघत होते.

ती म्हणाली, "सायमा, तिथे अशीच ऊब असेल ना?"

मी म्हटलं, असेल.

"दुपारीसुद्धा?"

मी म्हटलं, हो आई, दुपारीसुद्धा.

"मग चालेल," ती म्हणाली. "पण लेम्पीला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल तिच्या घरात मला काही कमी पडलं."

म्हणून मी सांगितलं नव्हतं.

सायमा